तरंगंबाडीचे देवालय आणि झिगेनबाल्ग साहेब

वर्गातील भिंतीवरच्या नकाशात तंजावर शोधावे, आणि तेथून बोट पूर्वेकडे, किंचित उत्तरेच्या अंगाने, समुद्रापर्यंत न्यावे. कारैकालच्या थोडे वर जमीन संपते, तेथे तरंगंबाडी नावाचे एक लहानसे गाव आहे. नकाशा लहान असेल तर नाव सापडणारही नाही. लाटा जेथे गातात ते गाव, असा त्या नावाचा अर्थ लावतात. तरंग हा शब्द आमच्या मुलांस नवा नाही. युरोपियन लोकांनी मात्र त्याचे ट्रांकेबार केले, आणि जुन्या पुस्तकांत हेच नाव आढळते.

ह्या गावात राजरस्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर एक जुने देवालय उभे आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर एक मुकुट कोरलेला असून त्याखाली डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याची नाममुद्रा व 1718 हे साल आहे. ज्या माणसाने ते बांधविले त्याचे नाव मात्र ह्या दर्शनी भिंतीवर मुकुटाच्या मानाने बसविलेले नाही. तो माणूस आत, वेदीजवळ, जमिनीखाली आहे. त्याचे नाव बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग. त्याची हकीकत आमच्या वार्षिकाच्या वाचकांस सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

झिगेनबाल्ग यांचा जन्म 1682 साली जर्मनीतील साक्सनी प्रांतात पुल्सनित्स ह्या लहान गावी झाला. बाप धान्याचा व्यापारी होता. मुलगा अजाण असतानाच आई वारली. मरणाच्या वेळी तिने मुलांस जवळ बोलावून, तुमच्यासाठी मोठा ठेवा ठेवून जात आहे असे सांगितले, आणि तो ठेवा पवित्र शास्त्रात शोधा असे म्हणाली, अशी आठवण त्या घरात राहिली. थोड्याच काळाने बापही गेला. पुढचे शिक्षण गर्लित्स व बर्लिन येथे झाले, आणि मग हाल्ले येथील विद्यापीठात. तेथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके हे थोर अध्यापक होते. अनाथ मुलांसाठी त्यांनी काढलेल्या शाळांचा लौकिक सर्व युरोपभर पसरला होता. झिगेनबाल्ग यांची प्रकृती विद्यार्थिदशेपासूनच नाजूक होती. पोटाच्या दुखण्याने अभ्यास वारंवार तुटे. असा मुलगा समुद्रापलीकडे जाऊन काही करील, असे कोणी भाकीत केले असते तर त्याच्या मित्रांसही हसू आले असते.

तरंगंबाडी डेन्मार्कच्या हाती कशी आली, हे येथे सांगितले पाहिजे. 1620 साली तंजावरचा नायक राजा रघुनाथ याजकडून डेन लोकांच्या व्यापारी कंपनीने हा किनाऱ्याचा तुकडा वार्षिक खंडणीच्या बोलीवर मिळविला आणि तेथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात नायकांचे राज्य जाऊन तंजावरास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांचे घराणे आले. म्हणजे झिगेनबाल्ग आले त्या वेळी तरंगंबाडीच्या तटाबाहेर पाऊल टाकले की मराठ्यांच्या राज्यात पाऊल पडे! व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे तेव्हा गादीवर होते. दक्षिणेतील ह्या मराठी राज्याचा विसर आमच्या मुलांस पडू नये, म्हणून इतके लिहिले.

कंपनीला तेथे येऊन पंचाऐंशी वर्षे झाली होती. मिरी, कापड व पैसा यांचे हिशेब चोख होते. पण भोवतालच्या लोकांची भाषा शिकून त्यांच्याशी धर्माच्या गोष्टी बोलाव्या, असे एकाही डेन धर्मगुरूस वाटले नव्हते. चौथ्या फ्रेडरिक राजाच्या मनाला ही गोष्ट लागली. डेन्मार्कात माणूस मिळेना, तेव्हा जर्मनीत शोध झाला, आणि झिगेनबाल्ग व हाइन्रिख प्लूटशाउ ह्या दोन तरुणांची निवड झाली. कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन 1705 च्या नोव्हेंबरात ते जहाजावर चढले आणि 9 जुलै 1706 रोजी तरंगंबाडीस पोहोचले. झिगेनबाल्ग तेव्हा सुमारे चोवीस वर्षांचे होते.

त्यांचे स्वागत कसे झाले ते ऐकण्यासारखे आहे. किल्ल्याचा अधिकारी हासियस याने त्यांना बराच वेळ ताटकळत ठेविले, राजाचे पत्र पाहूनही तोंड आंबट केले, आणि शेवटी दोघांस रस्त्यात उभे सोडून तो निघून गेला. व्यापाऱ्यांना भीती अशी की, हे पाद्री लोकांत मिसळले तर कंपनीच्या धंद्याला अपाय होईल, आणि कंपनीच्या माणसांचे वर्तनही उजेडात येईल. दुसरी भीती अधिक खरी असावी, असे आम्हांस वाटते.

मग त्या दोघांनी कामे वाटून घेतली. प्लूटशाउ यांनी पोर्तुगीज भाषा घेतली, कारण किनाऱ्यावरच्या मिश्र वस्तीत ती चाले. झिगेनबाल्ग यांनी तमिळ घेतली. तमिळ शिकविणारे पुस्तक नव्हते, व्याकरण नव्हते, कोश नव्हता. तेव्हा त्यांनी गावातील एका वृद्ध पंतोजीस आपल्या घराच्या ओसरीवर शाळा भरविण्यास विनविले. पंतोजी आले, मुले आली, आणि मुलांच्या रांगेत हे युरोपियन गृहस्थ मांडी घालून बसले व बोटाने वाळूत अक्षरे गिरवू लागले. आमच्या आजोबांनी धूळपाटीवर जशी धुळाक्षरे काढली, तशीच. विद्यापीठात लॅटिन, ग्रीक व हिब्रू पढलेल्या माणसाने पाच-सहा वर्षांच्या पोरांबरोबर श्रीगणेशा करावा, आणि पोरांनी त्याच्या चुका काढाव्या, हे दृश्य आम्हांस त्यांच्या साऱ्या चरित्रात सर्वांत गोड वाटते. अळगप्पन नावाचा एक दुभाषी त्यांना मिळाला. पुढे त्यांनी ताडपत्रांवरील तमिळ ग्रंथ जमविले, लेखक ठेवून नकला करविल्या, दररोज ठरलेले तास मोठ्याने वाचून घेतले. 1708 साली आपल्या ग्रंथसंग्रहाची त्यांनी टिपणांसह यादी केली. ती आजही तमिळ वाङ्मयाच्या अभ्यासकांस उपयोगी पडते.

पहिला बाप्तिस्मा 12 मे 1707 रोजी झाला. बाप्तिस्मा घेणारे पाचही जण डेन लोकांच्या घरचे गुलाम होते. आता ह्या लहानशा मंडळीने बसावे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. गावात डेन लोकांचे सियोन नावाचे देवालय 1701 पासून होते. पण तेथील उपासना डेन भाषेत, आणि तेथील बाके साहेबलोकांची. गुलामांस त्या दारातून आत घेणे कोणासही रुचणारे नव्हते. झिगेनबाल्ग यांनी ठरविले की, ह्या लोकांचे स्वतःचे देवालय असले पाहिजे. जून 1707 मध्ये समुद्राजवळ पाया घातला. पैसा जवळ नव्हता. दोघांनी आपला पगार त्यात ओतला. गावच्या शहाण्या मंडळींनी प्रथम थट्टा केली, आणि भिंती वर येऊ लागल्या तेव्हा त्यांतल्याच काहींनी मदत केली. ऑगस्ट महिन्यात समर्पणविधी होऊन तमिळ व पोर्तुगीज ह्या दोन्ही भाषांत तेथे उपदेश झाला. देवालयाचे नाव ठेविले नवे यरुशलेम. त्याच साली त्यांनी शाळाही काढल्या. मुलींनाही शिकविण्याची व्यवस्था त्यांत होती, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावी.

अडचणींची यादी देत बसलो तर लेख लांबेल. युरोपातून पाठविलेली रक्कम किनाऱ्यावर उतरविताना समुद्रात गेली. अधिकाऱ्याचा राग वाढत चालला. एका विधवेच्या कर्जाच्या प्रकरणात झिगेनबाल्ग मध्ये पडले आणि त्यांनी तिची बाजू घेतली. हे निमित्त पुरले. 19 नोव्हेंबर 1708 रोजी हासियसने त्यांस पकडून किल्ल्यात कैदेत टाकिले. सुमारे चार महिने ते कोठडीत होते. आरंभी लेखणी व शाईसुद्धा देण्यात आली नाही. ज्या माणसाने महिन्यापूर्वीच नव्या कराराचे तमिळ भाषांतर हाती घेतले होते, त्याला ह्याहून मोठी शिक्षा दुसरी कोणती असणार? मार्च 1709 मध्ये सुटका झाली. खरे सांगावयाचे तर झिगेनबाल्ग हेही स्वभावाने तापट होते. वरिष्ठांशी बोलताना शब्द जपून वापरण्याची कला त्यांना साधली नाही. त्यांच्या चाहत्यांनी हा दोष झाकला आहे. आम्ही तो झाकीत नाही, कारण विधवेची बाजू न्यायाची होती आणि तिची बाजू घेण्यास तेथे दुसरे कोणी पुढे आले नव्हते.

कैदेतून सुटल्यावर त्याच वर्षी त्यांनी तंजावरच्या मराठी मुलखात जाण्याचा प्रयत्न केला. राजाची परवानगी नसता परक्या माणसाने आत शिरणे धोक्याचे होते. थोडे अंतर गेल्यावर सावधगिरीची सूचना मिळाली आणि त्यांस परत फिरावे लागले. तंजावर त्यांनी कधीच पाहिले नाही.

जुलै 1709 मध्ये योहान एर्न्स्ट ग्रूंडलर हे सोबती येऊन मिळाले, आणि कामाला बळ आले. 31 मार्च 1711 रोजी नव्या कराराचे भाषांतर पुरे झाले. प्लूटशाउ त्याच वर्षी स्वदेशी गेले. आता छापावयाचे कसे? लंडनच्या एका ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीने छापयंत्र पाठविले. वाटेत फ्रेंचांनी ते जहाज पकडले, आणि यंत्राबरोबर निघालेला मुद्रक प्रवासातच वारला. यंत्र मात्र कसेबसे पोहोचले. तमिळ अक्षरांचे खिळे हाल्ले येथे पाडून पाठविण्यात आले, पण ते इतके मोठे होते की, त्यांनी ग्रंथ छापला तर कागद पुरणार नव्हता. तेव्हा तरंगंबाडीतच लहान खिळे ओतण्यात आले. त्यासाठी लागणारे शिसे, इंग्लंडहून भेट आलेल्या चीजच्या डब्यांच्या पत्र्यातून काढले, असे सांगतात. कागदाच्या टंचाईवर तोड म्हणून जवळच्या पोरैयार येथे कागदाची गिरणीही घातली. शुभवर्तमाने 1714 साली आणि उरलेला भाग 1715 साली छापून निघाला. हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेत छापलेला हा पहिला संपूर्ण नवा करार होय.

झिगेनबाल्ग यांचे दुसरे एक पुस्तक आहे, त्याची कथा वेगळी. दक्षिणेतील लोकांची दैवते, त्यांच्या कथा व पूजाविधी यांचे विस्तृत वर्णन त्यांनी 1713 साली लिहून हाल्ले येथे धाडले. तमिळ लोकांशी पत्रव्यवहार करून, त्यांच्याच तोंडून मिळविलेली ही माहिती होती. ज्यांना उपदेश करावयाचा त्यांचे मन आधी जाणावे, असा त्यांचा हेतू. हाल्लेच्या वडीलधाऱ्यांस मात्र अशा पुस्तकाचे प्रयोजन दिसले नाही, आणि हस्तलिखित तसेच पडून राहिले. दीडशे वर्षांनी, 1867 साली, ते मद्रासेत छापले गेले.

1714 च्या ऑक्टोबरात झिगेनबाल्ग युरोपास गेले. मलैयप्पन नावाचा तमिळ तरुण बरोबर होता. जहाजाच्या डोलण्यातही दोघे मिळून जुन्या कराराचे भाषांतर करीत. डेन्मार्कच्या राजाची भेट युद्धाच्या छावणीत झाली. हाल्ले येथे गुरुजनांची भेट झाली, आणि त्यांचे तमिळ व्याकरण लॅटिन भाषेत 1716 साली तेथे छापून निघाले. मारिया डोरोथेया साल्टसमान ह्या बाईंशी त्यांचा विवाह झाला. इंग्लंडात राजा पहिला जॉर्ज यानेही त्यांची भेट घेतली. ऑगस्ट 1716 मध्ये पतिपत्नी हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली.

परत येऊन पाहतात तो समुद्रालगतच्या जुन्या देवालयाची स्थिती वाईट. लाटांनी त्याचा भरवसा राहू दिला नव्हता, आणि वाढलेल्या मंडळीस ते अपुरेही झाले होते. हासियस गेला होता, आणि नवा गव्हर्नर मिशनाला अनुकूल होता. म्हणून ह्या वेळी जागा गावात, पाण्यापासून मागे, राजरस्त्यावर घेतली. 9 फेब्रुवारी 1717 रोजी नव्या देवालयाचा पाया घातला गेला. नाव जुनेच, नवे यरुशलेम.

ह्या इमारतीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तिची आखणी क्रुसाच्या आकाराची आहे. चार हात मध्यभागी मिळतात, आणि त्या मिळणीच्या ठिकाणचा उपदेश चारही हातांत बसलेल्या लोकांस ऐकू जातो. लांबच लांब दिवाणखान्यासारखे देवालय बांधले असते, तर मागच्या ओळीपर्यंत आवाज पोहोचणे अवघड झाले असते. बांधकाम विटा व चुना यांचे. ह्या किनाऱ्यावर शिंपले भाजून उत्तम चुना करीत, आणि त्याच्या गिलाव्याला घोटून घोटून संगमरवराची कांती आणीत. माथ्यावर कमानीसारखे वळविलेले पक्के छत आहे. असल्या छताचा भार भिंतींस बाहेर लोटू पाहतो, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात, आणि त्या जाड भिंतींमुळेच कडक उन्हातही आत गारवा राहतो. खिडक्या कमानदार. दर्शनी बाजू दुमजली घरासारखी उभारलेली, आणि तिच्या माथ्यावर तो मुकुट. नमुना युरोपचा आहे, हे पाहताच कळते. पण वीट, चुना व हात ह्या देशाचे. उंच मनोरा नाही. दुरून पाहणाऱ्यास एखाद्या सधन गृहस्थाचा वाडा वाटावा, इतकी ती इमारत शेजारच्या घरांत मिसळून गेली आहे.

एक गोष्ट मात्र जड मनाने लिहावी लागते. पुढे ह्या मंडळीत स्वतःस वरच्या जातीचे म्हणविणारे आणि पारिया म्हणून हिणविले गेलेले लोक वेगवेगळ्या जागी बसत. पुरुष व स्त्रिया यांच्याही जागा निराळ्या. क्रुसाचे चार हात ह्या वाटणीस सोयीचे पडले. गुलामांना साहेबांच्या देवालयात जागा नाही म्हणून जे देवालय जन्मास आले, त्याच्या आतही अशी रेघ राहावी, ही केवढी विपरीत गोष्ट! ती रेघ पुसण्यास पुढच्या पिढ्यांना फार झगडावे लागले.

बांधकाम चालू असता कोपनहेगनहून वेगळाच वारा वाहू लागला. मिशनाचा कारभार पाहण्यासाठी तेथे 1714 साली एक मंडळ स्थापन झाले होते. त्याचे चिटणीस वेन्ट यांचे मत असे की, मिशनऱ्याने पहिल्या प्रेषितांप्रमाणे हाती काठी घेऊन गावोगाव फिरावे. घर, संसार, शाळा, छापखाना, देवालये हा सारा पसारा व्यर्थ. पैसा दगडविटांत घालणे म्हणजे श्रद्धेचा अभाव. ह्या आशयाची कडक पत्रे तरंगंबाडीस येऊ लागली. वेन्ट हे दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांच्या म्हणण्यात तत्त्व होते, हे आम्ही मान्य करितो. पण ते कोपनहेगनात बसून लिहीत होते. रस्त्यात उभे राहण्याची पाळी ज्याच्यावर आली, ज्याने धन्याच्या दाराबाहेर थांबलेली माणसे पाहिली, त्यालाच चार भिंती व एक छत यांचे मोल कळते. तटाबाहेरचा मुलूख बंद असता गावोगाव फिरावे तरी कोठे, ह्याचे उत्तर त्या पत्रांत नव्हते.

11 ऑक्टोबर 1718 रोजी देवालयाचा समर्पणविधी झाला. झिगेनबाल्ग यांनी आपल्या हातांनी ते मंडळीच्या स्वाधीन केले. पोटाचे जुने दुखणे त्या वेळी बळावले होते. त्यात पत्रांचा घाव बसला. ज्या कामासाठी कैद सोसली ते काम आपल्याच माणसांनी चुकीचे ठरवावे, हे दुःख त्यांना जिव्हारी लागले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. जुन्या कराराचे भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंत आले होते. ते तेथेच थांबले. पुढचा भाग बेन्यामिन शुल्त्से यांनी पुरा केला.

23 फेब्रुवारी 1719 रोजी सकाळी झिगेनबाल्ग यांचे देहावसान झाले. वय छत्तीस. शेवटच्या घटकांत त्यांनी आवडते गीत गावयास सांगितले, आणि तोंडावर सूर्य तळपत असल्यासारखा हात डोळ्यांपुढे धरिला, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांना नव्या देवालयातच मूठमाती देण्यात आली. समर्पणविधीस साडेचार महिने झाले होते. मागे पत्नी व लहान मुले राहिली. ती पुढे युरोपास परत गेली. ग्रूंडलर यांनी काम सांभाळले, पण मार्च 1720 मध्ये तेही गेले, आणि मित्राजवळच त्यांना ठेविले.

झिगेनबाल्ग यांनी घातलेला पाया त्यांच्या मागे कामास आला. 1718 साली बाप्तिस्मा घेतलेला आरोन नावाचा तमिळ गृहस्थ 1733 साली पाळकपदाची दीक्षा पावला. प्रॉटेस्टंट मंडळीत असा मान मिळालेला तो पहिला हिंदी मनुष्य. 1750 साली ह्याच गावी श्वार्ट्झ साहेब उतरले. झिगेनबाल्ग यांना जो मराठी दरबार पाहावयास मिळाला नाही, त्या दरबाराचे श्वार्ट्झ विश्वासू स्नेही झाले, आणि बाल सरफोजी राजांचे पालकत्व त्यांजकडे आले. ह्याच सरफोजी राजांनी 1805 च्या सुमारास तंजावरास देवनागरीचा छापखाना घातला व इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर, बालबोधमुक्तावली ह्या नावाने, छापविले. आमच्या मुलांनी लहानपणी वाचलेला कोल्हा व द्राक्षे ह्यांचा एक जुना माग असा त्या किनाऱ्याकडे जातो.

1845 साली डेन लोकांनी तरंगंबाडी इंग्रजांस विकली. राजाचा मुकुट भिंतीवर तसाच राहिला. 2004 सालच्या 26 डिसेंबर रोजी महासागराच्या लाटेने ह्या गावावर घाला घातला आणि कोळ्यांच्या वस्तीचा मोठा संहार झाला. आज राजरस्त्यावरून समुद्राकडे चालत गेले तर डाव्या-उजव्या हातास जुनी घरे लागतात आणि टोकाशी पाणी दिसते. देवालयात वेदीजवळ दोघा मित्रांच्या समाधी आहेत. जवळच्या भिंतीवर त्यांची नावे वाचता येतात.